बाई, मग दिल्लीत काय राहिलं?

आमच्या दिल्लीच्या बेतात सोमवार आडवा आला.

कालनिर्णयचं फेब्रुवारीचं पान वर करून मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या. शनिवारी गाझियाबादला भाचीचं लग्न, मुलाकडचे तिकडचे म्हणून. बुधवारी दुपारी परतीची सचखंड एक्स्प्रेस. मधले तीन दिवस आपले : रविवार, सोमवार, मंगळवार. तीन दिवसांत कुठे दिल्ली बघून होते का, असं ज्याने त्याने ऐकवलं. त्यांचं खरं आहे. पण लग्नकार्याचं निमित्त असल्याशिवाय आमच्या घरातलं कुणी उठून दिल्लीला जाणार नाही, हेही खरं आहे. त्यातल्या त्यात फेब्रुवारी मिळाला हे नशीब. शिक्षकाला मे महिन्यात सुट्टी असते तेव्हा दिल्लीत लू चालते, दिवाळीच्या सुट्टीत तिथली हवा घसा धरते, आणि नाताळच्या आसपास धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. शाळेला सुट्टी असेल तेव्हा दिल्ली बघायची नाही, असा काही नियमच असावा.

पुण्याहून मुलाने तक्ता करून पाठवला. त्यात प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं होती. इंडिया गेट, वीस मिनिटं. कुतुबमिनार, पन्नास मिनिटं. शेवटचा रकाना 'बंद'चा होता, आणि तो वाचत खाली गेले तशी माझ्या पेन्सिलीने केलेली मधली चौकट हळूहळू विरघळायला लागली. लाल किल्ला सोमवारी बंद. राष्ट्रीय संग्रहालय बंद. लोटस टेंपल बंद, अक्षरधाम बंद. बरं, रविवारी सगळं उरकून घ्यावं तर चांदणी चौकातली दुकानं रविवारी बंद. निजामुद्दीनच्या दर्ग्यातली कव्वाली ऐकावी म्हटलं तर तिचा दिवस गुरुवार, आणि जाताना गुरुवारी संध्याकाळी आम्ही गाडीत, भुसावळच्या आसपास.

"आई, मंडे म्हणजे वेस्ट आहे," मुलगा फोनवर म्हणाला. "त्या दिवशी मॉल करा, नाहीतर सरळ आग्रा."

आग्रा हा शब्द घरात पडायचा अवकाश. सासूबाई म्हणाल्या, एवढं लांब जायचंच आहे तर मथुरा-वृंदावन करून घेऊ, पुन्हा माझं जाणं होतंय का? नवऱ्याने पेपर खाली ठेवला. "पानिपत," तो म्हणाला. "दिल्लीहून नव्वद किलोमीटर. काला आंब. मराठी माणूस दिल्लीपर्यंत जातो आणि पानिपत न बघता परत येतो, म्हणजे काय?" म्हणजे एक दिवस आग्रा, एक दिवस मथुरा, एक दिवस पानिपत. तीन दिवस भरले. दिल्लीच्या सहलीत दिल्ली तेवढी बसेना.

मला मात्र दिल्लीच बघायची होती, आणि त्याचं कारण सांगायला मला संकोच वाटत होता. कारण माझ्या कारणाला बारा-तेरा वर्षांची एक मुलगी जबाबदार आहे, जी आता कुठे असते तेही मला ठाऊक नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी डिसेंबरात सातवीची सहल माझ्या गळ्यात असते : दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. बावीस वर्षांत हा क्रम बदललेला नाही. किल्ल्यावर चढताना मुलं मोजायची, अंधारीत शिरताना मोजायची, बाहेर पडल्यावर मोजायची. दुपारी खुलताबादला भद्रा मारुती, तिथेच झाडाखाली डबे. मग औरंगजेबाच्या कबरीपाशी दहा मिनिटं. त्याने शंभूराजांचं काय केलं ते मुलांना पाठ असतं, मला सांगावं लागत नाही. आणि एवढ्या मोठ्या बादशहाची कबर अशी उघडी, मातीची, वर सब्जाचं रोप लावलेली कशी, हे दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. मग वेरूळ, आणि अंधार पडायच्या आत घर.

तर दौलताबादला चाँद मिनारच्या समोर उभं राहून मी दर वर्षी तीच गोष्ट सांगते. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी उचलून इथे आणली, देवगिरीचं नाव दौलताबाद ठेवलं, आणि काही वर्षांनी सगळं परत दिल्लीला नेलं. यावर मुलं हसतात. आमच्याकडे कुठल्याही अजब फतव्याला 'तुघलकी' म्हणतात, त्यामुळे हसायचं असतं हे त्यांना आधीच माहीत असतं. एका वर्षी मागच्या रांगेतल्या एका मुलीला हसू आलं नाही. ती म्हणाली, "बाई, सगळी माणसं इकडं आणली, तर मग दिल्लीत काय राहिलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "चला, रांग करा." आणि मोजायला लागले.

शिक्षकाच्या पोटात अशी काही उत्तरं वर्षानुवर्षं पडून असतात. चुकीचं सांगितलं याची टोचणी नसते, घाईने सांगितलं याची असते. बेत आखायला बसले तेव्हा माझ्यापुढे मुलाचा तक्ता होता आणि डोक्यात हा प्रश्न होता. मग मी तक्त्याचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला नकाशा काढला. भूगोलाच्या बाईला दुसरं काय येतं?

दिल्ली नकाशावर मांडली की एक मजा दिसते. जुन्यात जुनं शहर दक्षिणेला, अरवलीच्या शेवटच्या खडकांवर : मेहरौली, जिथे कुतुबमिनार आहे. तिथून थोडं वर सिरी, अलाउद्दीन खिलजीचं. पूर्वेला बाजूला पडलेलं तुघलकाबाद. मेहरौली आणि सिरी यांना तटांनी जोडून महंमद तुघलकाने केलेलं जहाँपनाह. मग शहर यमुनेकडे उतरत, वर सरकत जातं : फिरोजशहाचा कोटला, हुमायूनाचा जुना किल्ला, आणि अगदी वर उत्तरेला शहाजहानाबाद, ज्याला आपण जुनी दिल्ली म्हणतो. म्हणजे 'जुनी' दिल्ली ही वयाने या सगळ्यांत धाकटी. त्याहून धाकटी नवी दिल्ली. कलकत्त्याहून राजधानी हलवण्याची घोषणा १९११ मध्ये झाली, आणि १९३१ मध्ये ते शहर मधल्या मोकळ्या जागेत येऊन बसलं. मेट्रोची पिवळी लाइन कुतुबमिनारापासून चांदणी चौकापर्यंत जाते. पाऊण तासात साडेचारशे वर्षं, तीही बसायला जागा मिळाली तर.

नकाशा काढताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तुघलकाच्या आधी, १२९६ मध्ये, देवगिरीच दिल्लीला गेली होती. अलाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान नव्हता. काकाच्या हाताखालचा सरदार होता. त्याने रामदेवराय यादवाकडून न मोजवेल इतकं सोनं वसूल केलं, परत जाऊन काकाला मारलं, आणि दिल्लीच्या वाटेवर, असं इतिहासकार बरनी लिहितो, छोट्या मंजनिकेतून रोज गर्दीवर सोन्याचे तुकडे उधळत गेला. मंजनिक म्हणजे दगडफेकीचं यंत्र. किल्ल्यांवर दगड फेकायच्या यंत्राने देवगिरीचं सोनं लोकांवर फेकलं, आणि लोक त्याच्या बाजूला झाले. निवडणुकीच्या दिवसांत मी हे वर्गात सांगत नाही, एवढंच. दिल्लीचं तख्त त्याने आमच्या पैशाने विकत घेतलं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती नाही.

त्याच अलाउद्दीनाने कुतुबच्या आवारात अलाई दरवाजा बांधला, १३११ मध्ये, आणि शेजारी एक मिनार काढायला घेतला. कुतुबच्या दुप्पट उंचीचा करायचा म्हणून. १३१६ मध्ये तो मेला आणि मिनार राहिला पंचवीसेक मीटरवर, ओबडधोबड दगडांचा बुंधा. फोटोत त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी मात्र त्याला यादीत वर घेतलं आहे. दिल्लीत काय राहिलं, याचं पहिलं उत्तर तिथे उभं आहे.

कुतुब रविवारीच करायचा, हे मात्र सासूबाईंनी ठरवलं. आग्रा-मथुरेचं त्यांनी दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं होतं. ते त्यांच्या मनातलं नव्हतंच. त्या १९६८ मध्ये लग्नानंतर सासऱ्यांबरोबर दिल्लीला गेल्या होत्या, आमच्याकडून तेव्हा मनमाडला गाडी बदलून जावं लागायचं, आणि कुतुबच्या आतल्या जिन्याने पहिल्या सज्ज्यापर्यंत चढल्या होत्या. "जिन्यात काळोख होता," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "यांनी हात धरला. चारचौघांत पहिल्यांदा. काळोख होता म्हणून, नाहीतर कसले धरतात!" त्यांना आता चढायचं नाही, गुडघे कुठे आहेत? त्यांना खाली उभं राहून तो सज्जा बघायचा आहे.

तो जिना आता कुणालाच चढता येत नाही हे मी त्यांना सांगितलं. का, हे सांगितलं नाही. १९८१ च्या डिसेंबरात त्या जिन्यात दिवे गेले, गोंधळ उडाला, आणि चेंगराचेंगरीत ४५ जीव गेले. बहुतेक शाळेची मुलं होती. तेव्हापासून दार बंद आहे. मला हे बेत आखताना समजलं असं नाही, फार पूर्वीपासून माहीत आहे. आणि दौलताबादच्या अंधारीच्या तोंडाशी उभी राहून मी मुलं मोजते तेव्हा दर वर्षी ते माझ्या मनात येऊन जातं. अंधारी म्हणजे किल्ल्यातला तो वळणावळणांचा काळाकुट्ट भुयारी रस्ता, शत्रूला चकवायला केलेला. आत वटवाघळांचा वास, वाटाड्याच्या हातात पलिता, आणि मुलं मुद्दाम किंचाळतात. मी सगळ्यांत शेवटी चालते. बाहेर उजेडात आल्यावर आकडा जुळेपर्यंत मला कुठलाही इतिहास आठवत नाही. डिसेंबरातल्या त्या दिवशी कुतुबच्या पायथ्याशीही कुणीतरी बाई आकडा जुळवत उभी असेल. मुलाच्या तक्त्यात कुतुबला पन्नास मिनिटं आहेत. मी ती खोडून काहीच लिहिलं नाही. आईंना जितका वेळ उभं राहायचं असेल तितका वेळ.

आता तो अडलेला सोमवार.

सोमवारी काय उघडं असतं, असा उलटा शोध सुरू केला तेव्हा नकाशातून एकेक गोष्ट वर यायला लागली. किल्ले आणि संग्रहालयं आठवड्याची सुट्टी घेतात. पीर आणि त्यांच्या शेजारी झोपलेली माणसं घेत नाहीत. निजामुद्दीनचा दर्गा रोज उघडा. हुमायूनाचा मकबरा रोज उघडा, आणि दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. खुलताबादला बावीस वेळा जाऊन आलेल्या बाईला यात काय दिसलं ते जरा सविस्तर सांगते, कारण मुलगा ऐकून "हम्म" एवढंच म्हणाला.

निजामुद्दीन औलिया १३२५ मध्ये वारले. दोन वर्षांनी तुघलकाने राजधानी हलवली, आणि त्या लाटेत दिल्लीचे जे सूफी दख्खनेत आले त्यांतले बुऱ्हानुद्दीन गरीब हे निजामुद्दीनांचे शिष्य. ते खुलताबादला दफन आहेत. त्यांचे शिष्य जैनुद्दीन, तेही तिथेच. आणि त्या जैनुद्दीनांच्या दर्ग्यात औरंगजेबाची ती उघडी कबर. तिकडे दिल्लीत, थेट निजामुद्दीनांच्या अंगणात, औरंगजेबाची थोरली बहीण जहाँआरा आहे. १६८१ मध्ये वारली. चांदणी चौक आखला तो हिने. तिची कबर संगमरवरी जाळीच्या आत, पण वरून उघडी, आणि वर गवत. भावाबहिणीचं बरीच वर्षं पटलं नाही. बाप कैदेत पडला तेव्हा ती बापाकडे राहिली. मरताना मात्र दोघांनी एकच गोष्ट मागितली, उघडं आभाळ आणि अंगावर काहीतरी हिरवं; फक्त तिने गुरूचं अंगण निवडलं आणि त्याने गुरूच्या शिष्याच्या शिष्याचं. त्या कबरीबद्दल मुलं मला विचारतात ते 'असं कसं?' याचं अर्धं उत्तर दिल्लीत आहे, हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

अशीच आणखी एक जोडी. निजामुद्दीनांच्या पायाशी अमीर खुसरौ आहे, हे सगळ्यांना माहीत. त्याचा मित्र अमीर हसन सिजझी, तोही कवी, ज्याने निजामुद्दीनांची संभाषणं बसून लिहून ठेवली, तो दिल्लीत नाही. तो खुलताबादला आहे. दोन मित्र, एकाच गुरूचे, आणि मधे एक हजार किलोमीटरहून जास्त अंतर. राजधानी परत गेली, कचेऱ्या परत गेल्या, घोडे परत गेले. कबरी कशा परत जाणार?

हुमायूनाच्या मकबऱ्याचंही तसंच आहे. तो ताजच्या आधी साठ-सत्तर वर्षांचा : चारबाग, मधोमध चौथरा, वर दुहेरी घुमट. तो बघून ताज सुचला आणि ताज बघून आमचा बीबी का मकबरा. ताजला आई धरली तर हुमायूनाचा मकबरा आमच्या मकबऱ्याची आजी. आमचा मकबरा बांधला त्या अताउल्लाचे वडील उस्ताद अहमद लाहोरी, ज्यांचं नाव ताज आणि दिल्लीचा लाल किल्ला या दोन्हींशी जोडलेलं आहे. बापाने राजधानी बांधली, मुलाच्या वाट्याला दख्खन आली आणि संगमरवर कमी आला. म्हणून आमच्या भिंतींना बराचसा चुन्याचा गिलावा आहे. आम्ही त्याला 'गरिबाचा ताज' ऐकत मोठे झालो. आजीला भेटायला जाताना हे मनात ठेवून जाणार आहे. तिच्याकडे लाल दगड आहे, संगमरवर तिच्याही अंगावर बेताचाच आहे. त्याच इमारतीच्या पोटात दारा शुकोहला पुरलं असं मानतात, आणि त्याच इमारतीत १८५७ मध्ये बहादूरशहा जफर इंग्रजांच्या हाती लागला. म्हणजे घराण्याची जवळजवळ सुरुवात आणि शेवट एकाच छताखाली. मुलाने याला चाळीस मिनिटं दिली होती.

संध्याकाळी मी मुलाला घेऊन एका ठिकाणी जाणार आहे, जे त्याच्या तक्त्यात नाही. हौज खास मेट्रोच्या पलीकडे, कालू सरायच्या घरांच्या मागे, बिजय मंडल नावाचं पडकं बांधकाम आहे. महंमद तुघलकाच्या जहाँपनाहमधल्या महालाचा उरलेला भाग. प्रवासी इब्न बतूता राजधानी हलवली त्या दिवसांबद्दल लिहितो. दिल्ली सोडायचा हुकूम सुटल्यावर शहरात एक आंधळा सापडला, त्याला दौलताबादपर्यंत ओढत नेलं, पोचला तेव्हा त्याचा एक पाय तेवढा उरला होता. आणि एका रात्री सुलतान महालाच्या छतावर चढला, सगळीकडे नजर टाकली, कुठे धूर नाही, दिवा नाही. तेव्हा म्हणाला, आता माझ्या जिवाला समाधान वाटलं. फार जोरदार गोष्ट आहे. वर्गात सांगितली की मुलं गप्प होतात. पण इब्न बतूता दिल्लीला पोचला तेव्हा या सगळ्याला सहा-सात वर्षं झाली होती. पाय त्याने पाहिला नव्हता, छतावर तो नव्हता. त्याने लोक सांगत होते ते लिहिलं, आणि लोकांना सुलतानावर राग होता.

आता इतिहासकार म्हणतात की हलवले ते दरबारी, अधिकारी, मौलवी, सूफी. नकाशावर फुटपट्टी ठेवली तर तुघलकाची कल्पना मला तरी वेडेपणाची वाटत नाही. दख्खन ताब्यात ठेवायची तर देवगिरीहून ठेवता येते, दिल्लीहून नाही. चूक असेल तर माणसांना पेटीसारखं उचलून नेता येतं असं समजण्यात होती. आणि दिल्ली काही ओस पडली नव्हती. १३२८ चा एक संस्कृत शिलालेख सरबन नावाच्या गावात सापडला आहे; ते गाव आता नवी दिल्लीच्या पोटात गेलं. त्यात एका व्यापारी घराण्यातल्यांनी विहीर बांधल्याचं लिहिलं आहे. १३२८. म्हणजे दरबार दख्खनेत गेला त्याच्या दुसऱ्याच वर्षी दिल्लीत कुणीतरी पाणी लागेपर्यंत खाली खणत होतं. गाव सोडायच्या तयारीतला माणूस विहीर खणत नाही.

ही विहीर मला ज्या दिवशी सापडली त्या दिवशी मी हातातला चहा थंड होऊ दिला. मागच्या रांगेतली ती मुलगी आता पंचविशीची असेल. कुठे भेटली तर सांगता येईल.

मंगळवारी लाल किल्ला आणि चांदणी चौक. याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. गर्दी असेल, सगळे फोटो काढतील. दौलत की चाट मिळाली तर खाऊ. दुधाचा नुसता फेस, हिवाळ्यातच मिळतो, फेब्रुवारीत शेवटचे दिवस असतील. नावात दौलत आहे म्हणून मी हट्टाने यादीत घातली.

नवऱ्याच्या पानिपताचा प्रश्न मात्र लाल किल्ल्यानेच सोडवला. मी काही त्याला नको म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की दिवाण-ए-खासचं छत तुला बघायचंय का? त्या छताला चांदी मढवलेली होती. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या पगाराला पैसा नव्हता, म्हणून ती चांदी उतरवून वितळवली. तिचे नऊ लाखांच्या आसपास रुपये झाले असं सांगतात. पुढल्या जानेवारीत पानिपत. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आपण वर बघायचं आणि तिथे काय नाही ते बघायचं."

"हो," मी म्हटलं. "तिकीटही लागतं त्याचं."

पानिपत पुढच्या वेळी. त्याला दोन दिवस पाहिजेत, हे त्यानेच ठरवलं.

तिकिटांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आता साठ दिवस आधी आरक्षण उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. साठाव्या दिवशी सकाळी आठ वाजता मुलगा पुण्यात आणि मी इथे, दोघं स्क्रीनसमोर. आठ वाजून तीन मिनिटांनी वेटिंग लागलं. "दिल्ली अभी दूर है," नवरा म्हणाला. ही म्हण कुणाची हे त्याला माहीत नव्हतं. निजामुद्दीनांना शहरातून हाकलायला निघालेल्या गियासुद्दीन तुघलकाबद्दल ते असं म्हणाले, अशी आख्यायिका आहे; आणि तो दिल्लीच्या वेशीपाशी मांडव कोसळून मेला. म्हणजे ज्याने राजधानी हलवली त्याचा बाप. नवऱ्याला हे सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, आपलं वेटिंग तरी क्लिअर होईल ना? झालं. पंधरा दिवसांनी.

कागदाच्या उलट्या बाजूचा नकाशा मी फ्रिजवर लावला आहे. त्यावर सोमवार सगळ्यांत भरलेला आहे. आईंचा सोमवारचा उपवास असतो, त्यामुळे दुपारच्या जेवणाचा प्रश्न नाही असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. खिशात राजगिऱ्याच्या वड्या ठेवणार आहेत. दर्ग्यात येणार का, म्हणून मी जरा चाचरत विचारलं. "भद्रा मारुतीला जाताना मी तिथल्या दर्ग्याला नेहमी हात जोडते की," त्या म्हणाल्या. "गुरू इकडचा काय आणि तिकडचा काय."

काल रात्री त्या माळ्यावरून ताटं काढत होत्या. सचखंडमध्ये वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो, शीख सेवेकरी डब्यापाशी येऊन वाढतात, आणि सरावलेले प्रवासी घरून ताटवाटी घेऊन निघतात. दिल्ली ते दौलताबाद ही वाट इब्न बतूताच्या वेळी चाळीस दिवसांची होती, दुतर्फा झाडं लावलेली. आम्हाला एक दिवस लागणार.

"तीन ताटं पुरे," मी म्हटलं. "तो पुण्याहून परस्पर येतोय."

"चार घे," आई म्हणाल्या. "गाडीत बिनताटाचं कुणीतरी भेटतंच."